मावशीची धोक्याची पातळी

सुरतेला घाबरायला शिकवलं ते आपणच. शिवाजी महाराज जानेवारी 1664 मध्ये एकदा आले, ऑक्टोबर 1670 मध्ये पुन्हा आले, आणि दोन्ही वेळा जे न्यायचं ते घेऊन गेले. शाळेच्या पुस्तकात धडा इथे संपतो आणि आपण पुढच्या स्वारीकडे वळतो. सुरतकर मात्र त्याच धड्यावर अडकून राहिले. पुढची हकीगत इतिहासकार जदुनाथ सरकारांनी लिहून ठेवली आहे. मराठ्यांची फौज चार-दोन मजलांवर आली अशी नुसती आवई उठली, तरी त्यानंतरची कित्येक वर्षं हे शहर लटपटायचं. व्यापारी घाईघाईने माल गलबतांवर चढवायचे, रयत आसपासच्या खेड्यांत पळायची आणि टोपीकर साहेब सुवाळीचं बंदर गाठायचे. कैकदा फौज आलेलीच नसायची. सरकारांचं म्हणणं असं, की सुरतेचं खरं नुकसान लुटीत गेलेल्या ऐवजाने झालं नाही, ते या धास्तीने झालं. जिथे दर थोड्या दिवसांनी बाजार बांधून जहाजावर ठेवावा लागतो, तिथे पेढी कोण घालणार?

हिशेब बघा. महाराज आले दोनदा. न येता किती वेळा आले, याची गणतीच नाही. न आलेल्या स्वाऱ्यांना घोडा लागला नाही, चंदी लागली नाही, की बहिर्जी नाईकांना वेष पालटावा लागला नाही. सगळा खर्च सुरतकरांनी केला, हमालीसकट.

साडेतीनशे वर्षांनी काळाने फिट्टंफाट केली आहे. आज सुरतेत मराठे मुक्कामालाच आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, नवागाम या भागांत फिरलात तर आपण धुळ्यात आहोत की जळगावात, असा प्रश्न पडावा. लूमवर खानदेशी, डाइंग मिलमध्ये खानदेशी, एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर खानदेशी; महापालिकेच्या मराठी शाळा आहेत, गणपती आहेत, भाजीवालीशी अहिराणीतून घासाघीसही चालते. आणि घाबरण्याचं जे खातं पूर्वी सुरती शेठ सांभाळायचे, ते आता आमच्याकडे आलं आहे. आमच्या घराण्यात ते डिंडोलीच्या मावशीच्या नावावर आहे.

मावशी धरणगाव तालुक्यातून लग्न होऊन इथे आली. तिला सुरतेत सगळं मिळालं. घर, दोन मुलं, स्वतःची दोन एम्ब्रॉयडरी मशीनं, जिन्याखाली लावायला स्कूटर. ‘सुरतनुं जमण ने काशीनुं मरण’ अशी गुजरातीत म्हण आहे. सुरतकर म्हणीचा पूर्वार्ध रोज दोन वेळा पाळतात आणि उत्तरार्ध पुढे ढकलतात. मावशी ताटावर बसली की आधी उत्तरार्ध उरकून घेते.

परवाचंच घ्या. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, उधन्याहून अमळनेरला मित्राच्या लग्नाला निघाला. गाडीत बसल्यावर त्याने फोन केला. नवापूर आलं तेव्हा दुसरा केला. त्यानंतर मावशीने लावला, तर फोनमधल्या बाईने तो बंद असल्याचं तीन भाषांत सांगितलं. मी तेव्हा तिथेच चहा पीत बसलो होतो, त्यामुळे पुढचा सगळा प्रवास मला जवळून बघायला मिळाला.

बॅटरी उतरली असेल, ही शक्यता मावशीने स्वतःच मांडली आणि स्वतःच फेटाळली. “रातभर चार्जिंगला लावेल होता, मी पाहिला ना.” म्हणजे फोन चोरीला गेला. चोर नुसता फोन घेऊन गप कसा जाईल? झटापट झाली असणार. झटापट डब्यात कशी होईल, इतक्या माणसांत? म्हणजे पोरगा दारात उभा होता. “दारात उभा राहू नको म्हणून कितींदा सांगितलं!” इथे मावशीने पदर तोंडाला लावला. काका पेपरमध्ये डोकं घालून बसले होते ते तसेच बसून राहिले. बत्तीस वर्षांच्या संसारात माणूस पेपर नीट वाचायला शिकतो.

मग नवापूरचा प्रश्न निघाला. नवापूरचं स्टेशन म्हणजे एक मौज आहे. महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द स्टेशनातूनच जाते. फलाटावर एक बाकडं असं आहे की त्याचं एक टोक या राज्यात आणि दुसरं त्या राज्यात. लोक तिथे बसून फोटो काढतात. मावशीला त्या बाकड्यात वेगळीच अडचण दिसली. प्रकार हद्दीच्या अलीकडे झाला की पलीकडे? अलीकडे असेल तर कागद गुजरातीत होतील, ते एक बरं, काकांना वाचता येतं. पलीकडे असेल तर नंदुरबारला खेटे घालावे लागतील, आणि नंदुरबारला आपलं आता राहिलंय कोण? होती ती चुलत नणंद, तिच्याशी बोलणं बंद आहे. आता या प्रसंगी तिच्या दारात जायचं म्हणजे मान खाली घालणं आलं. चहा गार होईपर्यंत मावशी त्या नणंदेच्या दारात उभी राहून मान खाली घालून आलीसुद्धा.

दुपारी बारापर्यंत एम्ब्रॉयडरी मशीनचे हप्ते थकले होते. साडेबाराला मोठ्या मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. एक वाजता मावशी सन 2038 मध्ये पोचली होती. तिथे ती एका वृद्धाश्रमात राहत होती, आणि मला नीट आठवतं, तिथल्या जेवणाबद्दल तिची तक्रार होती.

पावणेदोनला अनोळखी नंबरावरून फोन आला. मावशी तो घेईना. पोलीसच असणार. काकांनी घेतला आणि स्पीकरवर टाकला. मागे डीजे दणाणत होता. “आई, बॅटरी उतरली वं. गाडीत मॅच बघत होतो. वरण-बट्टी आहे, वांग्याची भाजी झकास झालीय, जेवून घेतो.” मावशीचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने विचारलं, “कितल्या बट्ट्या खाल्ल्या?” “पाच.” “पाच! अन् रातीला पोट दुखलं त्याच्यावर, त्या गावात डॉक्टर आहे का?” वृद्धाश्रमातून निघालेली मावशी घरी न थांबता परस्पर दवाखान्यात गेली.

मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण वैऱ्याला जे जमत नाही ते मन इतक्या सफाईने कसं करतं, याकडे नीट बघितलं ते अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने. 1913 ते 2007 असा त्याचा काळ. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला आणि त्याचं म्हणणं मराठीत आणलं. म्हणून तो आपल्याकडे न्यूयॉर्कचा राहिला नाही, दादरचाच झाला. एलिसचं निदान थोडक्यात असं: माणसाला घटना छळत नाही, घटनेबद्दल तो स्वतःशी जे बोलतो ते छळतं. फोन लागला नाही, ही घटना. ‘फोन लागला नाही म्हणजे संपलं’, हे बोलणं. आणि या बोलण्याला तीन पायऱ्या असतात. होऊ शकेल, याचं होईलच होतं. वाईट होईल, याचं भयंकर होतं. आणि त्रास होईल, याचं ‘मला ते सहनच होणार नाही’ होतं. मावशी या तिन्ही पायऱ्या एका दमात चढते, आणि गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावर घर घेतलेली बाई आहे ती.

एलिसने हे निदान आधी स्वतःवर वापरून पाहिलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना तो मुलींशी बोलायला थरथर कापायचा. त्याने ठरवलं, महिनाभर रोज ब्रॉंक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्याशी बोलायचं. त्याच्या सांगण्याप्रमाणे अशा 130 जणी झाल्या. 30 जणी लगेच उठून गेल्या. 100 जणींशी गप्पा झाल्या. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण कुणी पोलिसांना बोलावलं नाही, कुणी चपलेला हात घातला नाही, आणि महिनाअखेरीस एलिसची भीती गेली होती. ही गोष्ट मी मावशीला मोठ्या उत्साहाने सांगितली. तिने पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, “त्याची आई कुठे होती?”

एलिसची आणखी एक युक्ती मला फार आवडते. भयंकर, भयंकर, म्हणतोस ना, मग शंभरात किती ते सांग. पाय मोडणं किती? नोकरी जाणं किती? सगळं सांगून झालं की लग्नाला जाताना फोन बंद पडणं कुठे बसतं ते बघ. त्याचं निरीक्षण असं, की नको नको ते विचार करणारा माणूस मनातल्या मनात शंभराच्या वर मार्क देत असतो, एकशे एक वगैरे. आणि शंभराच्या वर काही नसतं, म्हणूनच ते मोजता येत नाही, म्हणूनच ते छळतं.

मोजण्याची ही युक्ती सुरतेला एलिसच्या पुस्तकाशिवाय येते. तिचं नाव उकाई.

तापी ही आपल्या खानदेशातून सुरतेला जाणारी सगळ्यांत जुनी गाडी. भुसावळजवळ तिच्यावर हतनूर धरण आहे, त्याला 41 दरवाजे. पुढे गुजरातेत उकाई, त्याला 22. पावसाळ्यात भुसावळच्या मामेभावाचा फोन ठरलेला: “हतनूरचे दरवाजे उघडले. सगळेच्या सगळे. तुमचं काही खरं नाही.” एवढं बोलून तो ठेवून देतो, कारण त्याला अजून बऱ्याच ठिकाणी कळवायचं असतं. मावशी तेवढ्यावर धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेते. वास्तविक हतनूरसारखी कित्येक धरणं उकाईच्या पोटात मावतील. वरून आलेलं पाणी उकाई आधी पिऊन घेते, आणि मग किती, कधी, कसं सोडायचं ते ठरतं. पण मामेभावाच्या फोनमध्ये उकाई नसते. तिथे तापी भुसावळहून सुटते ती थेट मावशीच्या न्हाणीघरात येते.

शेजारचे सुरती भाई याच बातमीला एकच प्रश्न विचारतात, “उकाई केटली छे?” किती फूट? 345 ही पूर्ण पातळी. प्रत्येक महिन्याची रूल लेव्हल वेगळी, म्हणजे जुलैत इथवरच भरायचं, ऑगस्टात तिथवर. आवक किती क्युसेक, जावक किती क्युसेक. मग सिंगणपोरचा कॉजवे: 6 मीटरला धोक्याची पातळी, त्यावर गेला की रस्ता बंद. हे आकडे सुरतेत पावसाळाभर पेपरात येतात, आणि पानाच्या गादीवर माणसं ते क्रिकेटच्या धावसंख्येसारखे तोंडपाठ सांगतात. भाईंना विचारलं, पाणी आलंच तर? ते म्हणतात, “आवे तो स्कूटर मंदिरना ओटला पर मूकी देवानी.” म्हणजे देवळाच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. मग खमण आणायला जातात.

भाईंना पूर माहीत नाही असं समजू नका. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. भाईंच्या दुकानातल्या साड्यांचे तागे तेव्हा गाळात गेले होते. मावशीही तेव्हा नदीच्या अंगाला, वेड रोडला राहायची. (हे नाव आम्ही ठेवलेलं नाही, ते आधीपासून आहे.) आता ऐका गंमत. फोन लागला नाही तर 2038 गाठणारी ही बाई त्या पुरात काय करत होती? दुसऱ्या मजल्यावर चार बिऱ्हाडांचा संसार एका खोलीत घेऊन खिचडी शिजवत होती. गॅसचा सिलिंडर वर चढवून घेतला होता, पिण्याचं पाणी भांड्याभांड्यांत मोजून ठेवलं होतं, आणि शेजारच्या बाळंतिणीला आधी, पुरुषांना शेवटी असा क्रम लावून दिला होता. एक पुरुष कुरकुरला, तर त्याला तिने गच्चीवर पाठवून हेलिकॉप्टरला हात करायचं काम दिलं. त्या दिवसांत मावशी एकदाही रडली नाही. काकांनी नंतर विचारलं तर म्हणाली, “टाइम कुठे होता?”

इथे मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म दिसतं. नको ते विचार करणारा माणूस फार विचार करतो असं आपण म्हणतो. तसं नाही; तो विचार अर्धा सोडतो. ‘असं झालं तर?’ इथवर येतो आणि तिथेच घर बांधून राहतो. ‘झालं तर काय करायचं?’ हा दुसरा प्रश्न तो स्वतःला विचारतच नाही. पुरात मावशीला पहिला प्रश्न विचारायची सोय राहिली नव्हती, पाणी जिन्यात होतं. तिला थेट दुसऱ्यापासून सुरुवात करावी लागली, आणि दुसऱ्या प्रश्नात ती पहिल्या नंबरात पास होते.

पुराच्या आधीचं 1994 वेगळं होतं. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष व्हायचं होतं, बीड जिल्ह्यातल्या मामल्यात ऑगस्टात प्लेगच्या गाठी निघाल्या होत्या, आणि सप्टेंबरात तापीचा पूर ओसरून गणपती बोळवले जातात न जातात तो सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग निघाला. पहिले बरेचसे रुग्ण वेड रोडच्या बाजूचेच. घाबरण्यासारखं नव्हतं असं कुणी म्हणू नये. माणसं खरोखर मेली. पण काही दिवसांत काही लाख लोकांनी शहर सोडलं. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं गाड्यांच्या टपावर दिसत होती. टेट्रासायक्लिन औषधाच्या दुकानांतून नाहीसं झालं. ज्याला काही झालेलं नव्हतं त्याने खिसे भरून घेतले आणि ज्याला हवं होतं तो हिंडत राहिला. कितीतरी खाजगी डॉक्टरांनी दवाखान्याला कुलपं लावून गाव गाठलं. आखाती देशांनी भारताची विमानं बंद केली. शेवटी देशभरातल्या मृत्यूंचा आकडा पन्नासच्या आसपास थांबला.

मावशी आणि काका मोठ्या पोराला कडेवर घेऊन धरणगावच्या गाडीत चढले होते. प्लेगवर वेळेत गोळ्या मिळाल्या तर माणूस बरा होतो. म्हणजे जिथे सिव्हिल हॉस्पिटल होतं, गोळ्या येत होत्या, तिथून निघून ही मंडळी जिथे यातलं काहीच नव्हतं तिथे निघाली होती. माहेरच्यांनी वेशीवरच थांबवलं. आठ दिवस शिवारातल्या खळ्यावर राहा, मग बघू. जेवणाचं ताट बांधावर ठेवून भाऊ लांबूनच हाक मारायचा. मावशी हे अजून विसरलेली नाही आणि भावालाही विसरू देत नाही.

आणि मग दुसऱ्या वर्षी, 1995 मध्ये, सुरत महापालिकेत एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. घाबरू नका, असं ते सांगत फिरले असते तर त्यांना कोण विचारणार होतं? त्यांनी अधिकाऱ्यांना एसीतून डीसीत आणलं: एअर कंडिशन सोडायचं आणि डेली चोअर्स, म्हणजे रोजची कामं, बघायची. सकाळी साहेब लोक केबिनमध्ये न बसता गल्लीत, गटाराच्या काठावर उभे. कचरा कुणाचा, उचलला कुणी, नाही उचलला तर का? उपाहारगृहवाल्यांची, बड्या बांधकामवाल्यांची गय नाही. दोनेक वर्षांत हे शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं जाऊ लागलं, आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात तर सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला नंबर घेतला. प्लेगच्या गावाने झाडू मारून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

आता कुणी म्हणेल, मग काळजी नकोच करायला. सगळं चांगलंच होतं, पॉझिटिव्ह राहा. या मंडळींना मी इनायतखानाकडे पाठवतो. 1664 मध्ये सुरतेचा हा मोगल अंमलदार. पाचशे शिपायांचा पगार सरकारी खजिन्यातून घ्यायचा आणि शिपाई ठेवायचे नाहीत, इतका तो निश्चिंत होता. महाराज आले तेव्हा तो किल्ल्यात जाऊन लपला. त्याच्यापेक्षा मावशी परवडली. तिच्याकडे निदान माळ्यावर धान्याचे डबे असतात.

उपाय म्हणून मी मावशीला अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातली एक जुनी युक्ती सुचवली. थॉमस बोर्कोव्हेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती 1983 मध्ये मांडली: दिवसभर काळजी करायची नाही, तिच्यासाठी अर्ध्या तासाची एक वेळ आणि एक जागा ठरवायची. मधे काही डोकं वर काढलं तर त्याला सांगायचं, वेळेवर या. मावशीने आधी दुपारी चारची वेळ घेतली, पण तेव्हा पाणी येतं. पाचला मालिका असते. सहाला दिवाबत्ती, तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये. शेवटी साडेतीन ते चार, मागच्या गॅलरीत, अशी बैठक ठरली. मशीनच्या हिशेबाची जुनी वही तिने यासाठी काढली. मी ती पाहिली आहे. एका पानावर असं होतं: नळाला पिवळं पाणी. मोठ्याचं लग्न. गॅसचा वास (आला की आल्यासारखा वाटला?). तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं. भूकंप. भूकंपापुढे कंसात ‘26 जानेवारी’ लिहिलं होतं, आणि ते काही उगाच नाही; 2001 च्या त्या सकाळी भूज पडलं तेव्हा सुरतही हादरली होती. त्याखाली नुकतीच वाढवलेली एक ओळ होती: काकरापार. उकाईच्या खाली काकरापारला अणुवीज केंद्र आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं. सांगणाऱ्याचं नाव आमच्या घरात आता घेत नाहीत.

त्याच विद्यापीठातला आणखी एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सतत काळजीने आजारी असलेल्या 29 जणांना आपापल्या काळज्या लिहून काढायला सांगितल्या आणि महिनाभर त्यांचं काय झालं ते बघितलं. 91.4 टक्के काळज्या खऱ्या झाल्याच नाहीत. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच गंभीरपणे गप्प बसली. मला वाटलं, पटलं. थोड्या वेळाने म्हणाली, “म्हणजे साडेआठ टक्के होतातच ना.”

पण तिने वही तपासली. मागच्या पानांवरच्या बहुतेक ओळींवर काट मारावी लागली. काही झालं नव्हतं. यावर तिचा निष्कर्ष तयार होता: मी काळजी केली म्हणून झालं नाही. खरी पंचाईत इथे आहे, आणि ती एकट्या मावशीची नाही. आपली काळजी म्हणजे घरच्यांभोवती फिरणारा पहारेकरी आहे, तो झोपला की चोर येणार, असं पुष्कळांना मनातून वाटत असतं. त्यांना ‘काळजी सोड’ म्हणणं म्हणजे ‘पोरांना वाऱ्यावर सोड’ म्हटल्यासारखं लागतं. त्यावर वाद घालून फायदा होत नाही. मी म्हटलं, एक काळजी सोडून बघ. एकच. तूच निवड. मुलं, भूकंप, काकरापार यातलं काही ती द्यायला तयार नव्हती. बऱ्याच विचाराअंती तिने तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं दिलं.

ते कुत्रं बिनकाळजीचं व्यवस्थित आहे. जिन्यात भेटलं की शेपूट हलवतं. मावशीने गेल्या आठवड्यात त्याला पोळी घातली, आणि वहीत त्याच्या नावापुढे रेघ मारून लिहिलं, ‘याचं बंद.’ पिवळ्या पाण्यापुढे तिने आपणहून प्लंबरचा नंबर लिहिला आहे. गॅसच्या वासापुढे ‘नळी बदलली’ असं तारखेसह आहे. वहीत आता प्रत्येक ओळीपुढे एक रकाना आखलेला दिसतो. मोठ्याच्या लग्नापुढचा रकाना कोराच आहे, पण तो मोठ्याने भरायचा आहे.

म्हणून जळगाव, भुसावळ, धरणगाव, नंदुरबारकडच्या तमाम नातेवाइकांना एक कळकळीची विनंती. येत्या पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की फोन जरूर करा, तुमचा तो हक्क आहे. पण दरवाजे किती, किती उघडले, किती क्युसेक आणि किती वाजता, एवढं विचारून घेऊन मग करा. ‘तुमचं काही खरं नाही’ हे मात्र सांगू नका; त्यात आकडा नसतो, आणि मावशीच्या नव्या रकान्यात ते कुठेच बसत नाही.